विकणारे भाऊ आणि पाठविणारा देव

शास्त्रपाठ : उत्पत्ती ४५:१-१५, ५०:१५-२१



योसेफाची गोष्ट आपल्या शब्बाथशाळांतून जितक्या वेळा सांगितली जाते, तितकी दाविदाची सोडली तर दुसरी कोणतीही सांगितली जात नसेल. पायघोळ झगा, खड्डा, तुरुंग आणि राजवाडा अशी चार चित्रे भिंतीवर लावली, की उरलेली गोष्ट मुलेच शिक्षकांना सांगतात. मोठ्यांसाठी मात्र या चौदा अध्यायांतून बहुधा एकच वचन उरते, ते म्हणजे पन्नासाव्या अध्यायाचे विसावे. भावांनी ज्यात वाईट योजिले, त्यातच देवाने भले योजिले होते, असा त्याचा आशय आहे. कोणाच्या घरी अकाली मृत्यू झाला, कोणाची नोकरी गेली, कोणाला पाठच्या भावाने फसविले, की प्रार्थनासभेत कोणीतरी हे वचन काढतेच.

वचन खरे आहे आणि सांत्वनाचे आहे. पण ते कोणी म्हटले, कोणाला म्हटले आणि किती वर्षांनी म्हटले, हे आपण सहसा पाहत नाही. म्हणून ते पुष्कळदा चुकीच्या तोंडून चुकीच्या वेळी निघते, आणि आधीच जखमी झालेल्या माणसाला आणखी एक जखम होते.

याकोबाचे घर काही आदर्श घर नव्हते. चार आयांची बारा मुले, आणि बापाचा जीव एकट्या योसेफावर. ज्या याकोबाने तरुणपणी करडांची कातडी हाताला गुंडाळून व भावाची वस्त्रे अंगावर घालून आपल्या अंध बापाला फसविले, त्याच याकोबाला म्हातारपणी त्याच्या मुलांनी बकऱ्याचे रक्त आणि भावाचे वस्त्र यांच्याच साहाय्याने फसविले. पवित्र शास्त्र यावर काही भाष्य करीत नाही. दोन्ही गोष्टी आपल्यापुढे ठेवते आणि पुढे जाते. योसेफही तेव्हा सतरा वर्षांचा, थोडा लाडावलेला. भावांच्या कागाळ्या बापाकडे नेणारा, आणि आपली स्वप्ने कोणापुढे सांगावीत व कोणापुढे नाहीत हे न कळणारा. काही उपदेशक येथे म्हणतात की योसेफानेही थोडे ओढवूनच घेतले. मला हे बोलणे मान्य नाही. पोराचा पोरकटपणा आणि भावाला विकणे या एका तराजूत तोलायच्या गोष्टी नव्हेत.

बापाने त्याला भावांचे क्षेमकुशल पाहायला हेब्रोनाहून शखेमास पाठविले. ही वाट सुमारे पन्नास मैलांची. भाऊ तेथे नव्हते, तेव्हा तो विचारीत विचारीत आणखी पुढे दोथानापर्यंत गेला. परत फिरला असता तरी बाप रागावला नसता. पण तो भावांना शोधत गेला, आणि भावांनी त्याला दुरून येताना पाहूनच त्याचा घात करण्याची मसलत केली. त्यांनी त्याचा झगा काढून घेतला, त्याला कोरड्या खड्ड्यात टाकले, आणि मग ते जेवायला बसले.

त्या वेळी योसेफ काय बोलला, हे सदतिसाव्या अध्यायात एका शब्दानेही सांगितलेले नाही. जणू तो मुकाट्याने खड्ड्यात गेला. पण बेचाळिसाव्या अध्यायात, वीसएक वर्षांनी, मिसरात अडचणीत सापडलेले तेच भाऊ आपसांत बोलू लागतात, तेव्हा आपल्याला कळते की तो त्यांच्या विनवण्या करीत होता, त्याच्या जिवाचे हाल ते पाहत होते, आणि तरी त्यांनी ऐकले नाही. जेवताना ते आक्रंदन त्यांच्या कानावर पडत होते. विकणाऱ्यांनी ते वीस वर्षे कोणाला सांगितले नाही, आणि एक दिवसही ते विसरले नाहीत. घरातल्या घरात केलेल्या अन्यायाचे असेच असते. त्याचा कागद कोठे नसतो, साक्षीदार गप्प असतात; पण आवाज कानात राहतो.

व्यापाऱ्यांनी मोजलेली किंमत रुप्याची वीस नाणी. पुढे लेवीय पुस्तकात नवसाच्या मोलाचे नियम आले, त्यांत पाच ते वीस वर्षांच्या मुलाचे मोल वीस शेकेलच ठरलेले आहे. म्हणजे भाव अगदी रीतसर मिळाला! नंतर झगा रक्तात बुडवून बापाकडे गेला तो हे तुझ्या मुलाचे आहे का, अशी विचारणा करीत. आमच्या भावाचे, असे ते म्हणाले नाहीत. आणि शास्त्र पुढे एक ओळ लिहिते ती वाचून अंगावर काटा येतो. बाप शोक करू लागला, तेव्हा त्याचे सर्व पुत्र त्याचे सांत्वन करण्यास जवळ बसले.

आता योसेफाकडे या. त्या दिवसापासून फारोपुढे उभा राहीपर्यंत तेरा वर्षे गेली. सतरा ते तीस, म्हणजे माणसाचे सगळे तारुण्य. या तेरा वर्षांत देवाची योजना काय आहे, हे योसेफाला किती ठाऊक होते? काहीही नाही. परमेश्वर योसेफाबरोबर होता, असे एकोणचाळिसावा अध्याय वारंवार सांगतो. पण ते तो आपल्याला सांगतो, पुस्तक वाचणाऱ्याला. योसेफाला कोणी सांगत नव्हते. आब्राहामाशी देव बोलला, इसहाकाशी बोलला, याकोबाला बेथेलात आणि यब्बोकाच्या काठी भेटला. योसेफाच्या चरित्रात मात्र देव त्याच्याशी थेट बोलल्याचे एकही स्थळ नाही. लहानपणची दोन स्वप्ने, आणि नंतर दुसऱ्यांच्या स्वप्नांचा अर्थ, एवढेच त्याला मिळाले. जो पुढे देवाच्या योजनेविषयी इतक्या खात्रीने बोलला, तो तेरा वर्षे त्या योजनेच्या आत डोळे बांधल्यासारखा चालत होता.

म्हणून मला वाटते की खड्ड्यात असलेल्या माणसाला पन्नासावा अध्याय वाचून दाखविण्याची घाई आपण करू नये. त्याच्यासाठी एकोणचाळिसावा अध्याय आहे. देव बरोबर आहे, एवढेच सांगावे. का आणि कशासाठी, हे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणखी एक गोष्ट. योसेफाचा देवावर विश्वास होता, म्हणून तो हात जोडून बसला नाही. तुरुंगात प्यालेबरदाराची सुटका होणार असे कळताच त्याने त्याला गळ घातली की माझी आठवण ठेव आणि फारोच्या कानावर घाल. आपल्याला इब्र्यांच्या देशातून चोरून आणले आहे, आणि येथेही तुरुंगात टाकावे असे आपण काही केलेले नाही, हेही त्याने स्पष्ट सांगितले. अन्यायाला त्याने अन्यायच म्हटले. मात्र चोरून आणले एवढे सांगून तो थांबला. कोणी विकले ते परक्यापुढे उच्चारले नाही. भावांची नावे त्याने गिळली. यातून सुटकेची खटपट करणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे ज्यांना कोर्टकचेरी, दवाखाना, कचेऱ्यांचे हेलपाटे करावे लागतात त्यांनी लक्षात ठेवावे. प्यालेबरदार विसरला. दोन पुरी वर्षे विसरला.

मग दिवस पालटले. योसेफ मिसराचा कारभारी झाला, लग्न झाले, दोन मुलगे झाले. थोरल्याचे नाव त्याने मनश्शे ठेविले, कारण देवाने आपल्याला सर्व कष्टांचा व बापाच्या घराचा विसर पाडला असे त्याला वाटले. बापाच्या घराचा विसर पडला, असे ज्याने मुलाच्या नावातच लिहून ठेविले, त्याला तो खरोखर पडला होता का? रोज त्या मुलाला हाक मारताना त्याला काय आठवत असेल? सुकाळाची सात वर्षे गेली, दुष्काळ सुरू झाला, तोवर हातात सत्ता, रथ आणि माणसे असून त्याने हेब्रोनाकडे निरोप पाठविल्याचा उल्लेख नाही. टीकाकारांनी याची पुष्कळ कारणे दिली आहेत. शास्त्राने एकही दिलेले नाही. मला एवढेच दिसते की घराची वाट खड्ड्यावरून जात होती, आणि त्या वाटेने मनानेसुद्धा जाणे त्याला जड गेले असेल.

भाऊ धान्यासाठी आले आणि तोंड भुईला टेकवून त्याच्यापुढे नमले, तेव्हा त्याने त्यांना ओळखले. त्यांनी त्याला ओळखले नाही. येथून पंचेचाळिसाव्या अध्यायापर्यंत योसेफ जे वागतो, ते शब्बाथशाळेत आपण भरभर उरकतो. कठोर बोलणे, हेर म्हणून आळ, तीन दिवस कोठडी, शिमोनाला बांधून ठेवणे, बन्यामीनाला आणण्याचा हट्ट, शेवटी त्याच्या गोणीत ठेविलेला रुप्याचा प्याला. हा सूड होता काय? सूड घेणारा माणूस गोण्या धान्याने भरून वर पैसे परत ठेवीत नाही. आणि सूड घेणारा माणूस बाजूच्या खोलीत जाऊन रडत नाही. बेचाळिसाव्या अध्यायात भाऊ आपला अपराध आपसांत बोलू लागले, ते त्याला समजले आणि तो त्यांच्यापासून दूर जाऊन रडला. मला वाटते, त्याच्या अंतःकरणात क्षमा झाली ती तेथे. पण ओळख दिली नाही. पुन्हा एकत्र जेवायला बसणे, मिठी मारणे, आपले कुटुंब त्यांच्या हाती देणे, यासाठी त्याला आणखी काही पाहायचे होते. राहेलीचा दुसरा मुलगा संकटात सापडला, आणि त्याला सोडून देऊन आपण मोकळे होऊ शकतो अशी संधी मिळाली, तर हे भाऊ काय करतील?

याचे उत्तर चव्वेचाळिसाव्या अध्यायात आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की या अध्यायाला एक पूर्ण रविवार द्यावा. त्याचे चित्र मिळत नाही म्हणून तो गाळला जातो. बोलतो कोण, तर यहूदा. खड्ड्याकाठी भावाला विकण्याची कल्पना ज्याची, तोच. मधल्या काळात यहूदाचे दोन मुलगे गेले होते. अडतिसाव्या अध्यायात ते आहे. (तो अध्याय मुलांना सांगू नये, पण शिक्षकाने वाचलेला असावा.) बाप मुलाला गमावतो म्हणजे काय, हे त्याला आता स्वतःच्या काळजावरून ठाऊक होते. तो योसेफापुढे उभा राहून म्हाताऱ्या बापाची हकिगत सांगतो. बापाचा जीव या धाकट्यावर कसा आहे, हेही सांगतो, आणि त्यात मत्सराचा लवलेश नाही. पूर्वी ज्या पक्षपाताने हे दहाजण पेटून उठले, तो पक्षपात अजून तसाच आहे. बाप बदललेला नाही. यहूदा बदलला आहे. आणि शेवटी तो म्हणतो की मुलाला जाऊ द्या, त्याच्या जागी मी दास होऊन राहतो.

पश्चात्ताप म्हणजे काय, याचे याहून सरळ उदाहरण मला जुन्या करारात माहीत नाही. यहूदाने भाषणात आपण पापी असल्याचे वर्णन फारसे केले नाही. पूर्वी होता तसाच प्रसंग पुन्हा आला, तेव्हा तो उलट वागला. हे ऐकल्यावर योसेफाला स्वतःला आवरता आले नाही.

त्याने सर्व मिसऱ्यांना बाहेर घालविले, हे पाहावे. घरची गोष्ट त्याने घरात ठेविली. भावांची लाज चव्हाट्यावर आणली नाही. आणि मग जे बोलला त्यात दोन गोष्टी एका दमात आहेत. तुम्ही मला मिसरात विकले, आणि देवाने मला तुमच्यापुढे पाठविले. पहिले वाक्य त्याने गिळले नाही. झाले गेले, तसे काही घडलेच नाही, तुमचा काही दोष नव्हता, असे तो म्हणाला नाही. विकले तो शब्द विकलेच राहिला. पण त्यावर देवाचा पाठविले हा शब्द त्याने ठेविला, आणि तो मोठा होता. पाठविले ते कशासाठी? योसेफाला बढती मिळावी म्हणून नव्हे. आपण देवाची योजना म्हणतो तेव्हा बहुधा आपल्याला पुढे काही चांगले मिळेल असा त्याचा अर्थ करतो. योसेफाने अर्थ केला तो दुसऱ्यांच्या भाकरीचा. लोकांचे प्राण वाचावेत म्हणून. आणि त्या लोकांत विकणारे भाऊही होते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे बोलला कोण? ज्याला विकले तो. विकणाऱ्यांपैकी एकानेही ते म्हटले नाही, आणि म्हटले असते तर ते ईश्वरनिंदेच्या जवळ गेले असते.

माझे उपदेशासाठी काही मंडळ्यांत जाणे होते. त्यांतील एका मंडळीतील एका बहिणीच्या वडिलांनी आयुष्यभराच्या नोकरीतून एक लहानसे घर बांधले होते. ते वारल्यावर वर्षाच्या आत दोघा भावांनी तिला बोलावून एका कागदावर सही घेतली. वारसाची नोंद लावायला सह्या हव्यात, असे सांगितले. तो कागद हक्कसोडपत्र होता. पुढे घर विकले गेले. तिचे यजमान तेव्हा आजारी, मुलगी शिकत होती. ती पंचांकडे गेली, तेव्हा एका वयस्क पंचांनी तिला योसेफाचे हेच वचन काढून दिले, प्रार्थना केली आणि घरी पाठविले. भाऊ दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसत होते. त्यांना कोणी काही काढून दिले नाही. तिने मला एक प्रश्न विचारला, तो मी कधी विसरणार नाही. "दादा, योसेफाला हे वचन त्याच्या भावांनी वाचून दाखविलं होतं का?"

मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा, हे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातच आहे. गोव्यातील वाचकांना पोर्तुगीज अमदानीपासूनचा तेथील दिवाणी कायदा लागू आहे, आणि त्यातही मुलीला डावलता येत नाही. तरी आपल्या घरांतून बहिणीने हक्क सोडणे हे जणू सुवार्तेचेच लक्षण समजले जाते! ती सोडेल तर आनंदाने सोडू द्या, ते दान होईल. फसवून काढून घेतले तर ती चोरी आहे, आणि चोरीवर क्षमेचे वचन पांघरूण म्हणून घालता येत नाही.

यावर कोणी करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय दाखवील. भावाने भावावर फिर्याद करू नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा, असे पौल म्हणतो खरे. पण तो अध्याय पुरा वाचावा. दोन भावांमधला निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय, असा त्याचा मंडळीलाच सवाल आहे; आणि अन्याय करणाऱ्या व आपल्याच भावांना नाडणाऱ्या लोकांनाही त्याने तेथेच खडसाविले आहे. म्हणजे पंचांचे काम दुबळ्याला गप्प बसविणे नसून दोघांना समोर बसविणे हे आहे. त्या बहिणीच्या बाबतीत हे शेवटी झाले. धाकट्या भावाने आपल्या वाट्यातून हप्त्याने द्यायचे कबूल केले आणि तो देत आहे. थोरला देवळात यायचाच थांबला.

तर मग क्षमेचे काय? क्षमा करायची नाही काय? करायची, आणि ती भाऊ येण्याची वाट न पाहता करायची. प्रभू येशूने वधस्तंभावरून जी प्रार्थना केली, तिच्यापूर्वी कोणी क्षमा मागितली नव्हती. सूड देवाच्या हाती सोपविणे, मनातल्या मनात रोज खटला चालविणे थांबविणे, त्यांचे वाईट व्हावे असे न इच्छिणे, हे आपल्याला एकट्याने करता येते. विकणारा मेला असेल तरी करता येते. पण जुने नाते पुन्हा जुळणे ही दोघांची गोष्ट आहे. लूकाच्या सतराव्या अध्यायात प्रभू सांगतो की भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याला पश्चात्ताप झाला तर क्षमा कर. दोष दाखविणे तेथे आज्ञेतच आहे. योसेफ बाजूच्या खोलीत रडला ते एक, आणि गळ्यात पडून रडला ते दुसरे. या दोहोंच्यामध्ये यहूदा उभा आहे. जो अजून बाजूच्या खोलीतच आहे, त्याला निष्ठुर म्हणू नका.

घरापासून तुटलेली माणसे आपल्या मंडळ्यांच्या पहिल्या पिढीत पुष्कळ होती. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये असा कायदा १८५० साली झाला. पण कायद्याने दार उघडत नसते. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला, तो याच काळात. या कथा आपल्याकडे बहुधा एकाच बाजूने सांगितल्या जातात, की घरच्यांनी टाकले. दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आकाश कोसळले ते लक्ष्मीबाईंवर. त्यांच्या दृष्टीने विश्वासघात झाला होता तो त्यांचा. वर्षांमागून वर्षे ताटातुटीत गेली. लक्ष्मीबाई पुन्हा टिळकांकडे आल्या त्या आपल्या पायांनी, आपल्या वेळेला, आपल्या सोवळ्यासकट. आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. टिळक १९१९ साली वारले आणि 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते पुढे लिहायला घेतले लक्ष्मीबाईंनी. १८९५ साली त्यांना कोणी सांगितले असते, की बाई, यात देवाची योजना आहे, तर त्यांनी त्या माणसाला दारात उभे केले असते असे मला वाटत नाही. आणि ते योग्यच झाले असते.

प्रेषितांची कृत्ये दुसऱ्या अध्यायात पेत्र यरुशलेमात उभा राहिला, तेव्हा त्याने योसेफासारख्याच दोन गोष्टी एका दमात सांगितल्या. येशूला देवाच्या ठाम संकल्पाप्रमाणे स्वाधीन करण्यात आले, आणि तुम्ही त्याला अधर्म्यांच्या हातून मारिले. संकल्प देवाचा, आणि हात तुमचे. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू स्वतः म्हणाला की मनुष्याचा पुत्र ठरल्याप्रमाणे जातो खरा, पण जो त्याला धरून देतो त्याची केवढी दुर्दशा! देवाच्या योजनेने यहूदा इस्कर्योताचे हात धुतले नाहीत. तरी त्याच योजनेने आपले तारण झाले. हे कसे, ते मला तर्काने सांगता येणार नाही. जो देव वधस्तंभातून जीवन काढू शकतो, त्याला आपल्या घरातल्या अन्यायातूनही काही काढता येईल, एवढा भरवसा मात्र तेथून मिळतो. आणि हेही ध्यानात घ्यावे की ख्रिस्ताचा वंश योसेफापासून निघाला नाही. मत्तयाची वंशावळ काढून पाहा. तो निघाला यहूदापासून. ज्याने भावाला विकले, आणि मग दुसऱ्या भावासाठी स्वतःला देऊ केले त्याच्यापासून.

पन्नासाव्या अध्यायातील प्रसंगाला येईपर्यंत आणखी सतरा वर्षे गेली होती. हिशेब करता येतो. योसेफ एकोणचाळीस वर्षांचा असताना याकोब मिसरात आला. तेथे सतरा वर्षे जगून एकशे सत्तेचाळिसाव्या वर्षी वारला. म्हणजे योसेफ छपन्न वर्षांचा. खड्ड्याला एकोणचाळीस वर्षे होऊन गेली होती. आणि तरी बापाला मूठमाती देऊन येताच भावांना धास्ती पडली, की आता हा उट्टे काढील. त्यांनी बापाच्या नावाने निरोप पाठविला, की मरताना वडिलांनी तुला क्षमा करायला सांगितले आहे. याकोबाने असे सांगितल्याची नोंद मागे कोठेही नाही. बापाला फसविले ते त्याचा झगा दाखवून, आणि भावाकडे आले ते बापाचे शब्द दाखवून. सतरा वर्षे त्याच्या हातचे अन्न खाऊनही त्यांना क्षमा झाल्याचे पटले नव्हते.

योसेफ रडला. मिसरात आल्यापासून तो कितव्यांदा रडतो आहे हे मी मोजले; शास्त्रात लिहिलेले हे सातवे रडणे. नंतर त्याने ते वचन उच्चारले. पण त्याच्या आधी त्याने आपण देवाच्या ठिकाणी आहोत काय असे विचारले, आणि त्याच्यानंतर, तुमचे आणि तुमच्या मुलाबाळांचे पोषण मी करीन असे सांगितले. आपण मधले वचन तेवढे उचलतो. न्यायासनावरून खाली उतरणे एका बाजूला आणि धान्याचे कोठार दुसऱ्या बाजूला, यांच्यामध्ये ते वचन बसविलेले आहे. बोलण्यापेक्षा पोसणे त्याला अधिक वर्षे करावे लागले असेल, कारण त्यानंतर तो चोपन्न वर्षे जगला.

मरताना त्याने इस्राएलाच्या पुत्रांकडून शपथ घेतली, की देव तुम्हाला येथून नेईल तेव्हा माझ्या अस्थी बरोबर न्या. मोशेने त्या नेल्या. रानातून चाळीस वर्षे त्या लोकांबरोबर हिंडल्या, आणि यहोशवाच्या पुस्तकाच्या अखेरीस त्या पुरल्याचे लिहिले आहे. पुरल्या त्या शखेमास, याकोबाने हमोराच्या मुलांकडून विकत घेतलेल्या जमिनीत. जेथे सतराव्या वर्षी बापाने त्याला भावांचे क्षेमकुशल पाहायला पाठविले होते. ती जमीन योसेफाच्या वंशजांचे वतन झाली.